बांधाअलीकडचा ठिपका

तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठ फिरली की. बियाण्यासाठी राखलेली शेतं पायी पालथी घालायची आणि घातक तण दिसलं की टॅबवरच्या नकाशात लाल ठिपका द्यायचा, हे तिचं काम. ठिपका पडला की त्या शेताचं बियाणं बाद. उभं पीक कापून जागच्या जागी जाळायचं. त्यामुळे ती बांधावर दिसली की भलेभले हातातलं काम टाकून पीक न्याहाळायला लागायचे. बाईंना त्याची थोडी मिजासही होती, खोटं कशाला बोला.

नात्यातल्यांचं शेत तपासायचं नाही, असा नियम. म्हणून धाकट्या बहिणीचं लसूणघासाचं, म्हणजे जनावरांच्या चाऱ्याचं शेत दुसऱ्या कुणाकडे होतं. ठिपकेबाईच्या वाट्याला आलं त्याच्या वरच्या अंगाचं, शेजाऱ्याचं. त्या दुपारी ते अर्धंमुर्धं चालून झालं, तेवढ्यात धाकटीने आपल्या शेतातून हाक मारली.

"ताई, करपशील उन्हात. ये, चहा घे."

बांध ओलांडून ठिपकेबाई तिच्या झाडाखाली उभी राहिली. कप तोंडाला लावला आणि समोर, शेजाऱ्याच्या घासावर, पिवळ्या दोऱ्यांचा गुंता दिसला. अमरवेल. घासाच्या बियांत हिचं बी मिसळलं की निवडता निवडत नाही. रोपापाशी जाऊनच ठिपका द्यायचा, हे ती नव्या पोरींना घसा कोरडा करून सांगायची, कारण टॅबला तण दिसत नाही; माणूस उभा असेल तिथे ठिपका पडतो. पण सावली होती, चहा गरम होता, बहीण बऱ्याच दिवसांनी निवांत बोलत होती. तिने उभ्या जागेवरून बोट टेकवलं, ठिपका पाठवून दिला आणि आणखी अर्धा कप मागितला.

ठिपका धाकटीच्या शेतात पडला. धाकटीच्या हातात पीक जाळायचा हुकूम आला, तेव्हा ठिपकेबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती तशीच साहेबांकडे गेली. साहेबांनी नकाशा मोठा केला, लहान केला.

"म्हणजे तण शेजाऱ्याकडे होतं?"

"हो. मी अलीकडे उभी होते."

"बहिणीच्या शेतात."

"चहा प्यायला."

"बाई, माझ्या मेव्हण्याच्या शेतात ठिपका पडला तर मीही हेच सांगेन," साहेब म्हणाले आणि हसले.

तरी त्यांनी दुसरा तपासनीस पाठवला. तोवर शेजाऱ्याला कुणकुण लागली होती. त्याने गुंता कापून, जाळून, राख मातीत मिसळून टाकली होती. दोन्ही शेतं स्वच्छ निघाली. मग ठिपका असलेलं धाकटीचं शेत स्वच्छ कसं? मोठ्या बहिणीनेच सांगून तण काढायला लावलं असणार, कार्यालयाने ठरवून टाकलं. आयुष्यभर कुणाची भीड न ठेवलेल्या बाईवर बहिणीला पाठीशी घातल्याचा आळ आला, आणि पडलेला ठिपका पुसता येत नसल्याने बहिणीचं पीक तर जळलंच. त्यातलं एकच घडलं असतं तरी तिने सोसलं असतं.

धाकटी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने शेत नांगरलं, पुन्हा घास पेरला, आणि ताईकडे येणं सोडलं.

पुढच्या हंगामात ती दारात उभी राहिली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, आत पिवळ्या दोऱ्यांचा गुंता. शेजाऱ्याकडे उरलेलं बी पाण्याबरोबर खाली उतरलं होतं.

"त्याच झाडाखाली निघाली," धाकटी म्हणाली. "साहेबांना तू सांगतेस, की मी सांगू?"

ठिपकेबाईने पिशवी घेतली. "आत तरी ये," ती म्हणाली. "चहा टाकते."

"आपला चहा पिऊन झालाय, ताई."