तात्यांच्या गाडीचा खटका

गाडी बंद पडली की माणसं बोलायला लागतात. नळदुर्गला सोलापूर-हैदराबाद हायवेच्या कडेला आमच्या मुनीरमामूंचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज आहे. तिथं आलेल्या माणसाला दुरुस्ती होईपर्यंत दुसरा उद्योग नसतो. त्यामुळं किस्से आम्ही गोळा करत नाही, ते जुन्या बोल्टांसारखे आपोआप साचतात. कुठला कुठल्या गाडीचा, तेही पुढं सांगता येत नाही. यंदाचे मात्र सगळे एकाच गाडीचे आहेत. बब्रुवानतात्यांच्या वडिलांनी घेतलेली विलायती गाडी, दिव्यांचा खटका मोडल्यामुळं शेडमध्ये उभी.

मी मामूंची भाची. मेकॅनिकल इंजिनीअर. जुनी यंत्रं जिवंत ठेवली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून पुण्यातली नोकरी सोडून इथं आले. "वाटतंय म्हणून नोकरी सोडतंय व्हय कुणी?" असं मामू अजून विचारतात.

* * *

एकदा तात्यांचा मुलगा राजाभाऊ एका ढाबेवाल्याला घेऊन आला. ढाबेवाल्यानं टेप काढून गाडी मापली. त्याला ती ढाब्यापुढं शोभेला ठेवायची होती. त्यासाठी विटांचा कट्टाही बांधून घेतला होता.

"बाबा, हिला दिवे न्हाईत," राजाभाऊ म्हणाला. "दिव्याबगर पासिंग न्हाय, पासिंगबगर रस्ता न्हाय. तिथं लोकं फोटू तरी काढतील."

पंचाहत्तरी ओलांडलेले तात्या शांतपणे म्हणाले, "मला फोटूत न्हाय बसायचं. गाडीत बसायचंय."

शेवटी ठरलं. पासिंगच्या कॅम्पमध्ये गाडी पास झाली तर तात्यांकडं राहील, नाही झाली तर कट्ट्यावर जाईल.

ते गेल्यावर मामू म्हणाले, "माणूस जित्ता हाय आन् कबर खणून तयार."

* * *

तात्या गावभर सांगायचे, "आमच्या गाडीचे दिवे लावले की बॅटरी उतरत न्हाय, भरती."

हे ऐकून मला रात्रभर झोप नाही. असं होऊच शकत नाही! पण तात्या खोटं बोलणारे नव्हेत. मी बॉनेट उघडून वायरी शोधत बसले. तेव्हा कळलं, या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडायचा असतो. इथल्या कुणीतरी जगाच्या रीतीप्रमाणं मायनस जोडला होता. त्यामुळं डॅशबोर्डवरचा बॅटरीचा काटा उलटा चालत होता, भरताना उतरतंय म्हणायचा आणि उतरताना भरतंय.

मी उत्साहानं तात्यांना सगळं समजावलं.

"म्हंजे येवढी वर्सं बॅटरी भरत नव्हती?"

"नाही, तात्या."

"मग लई खराब शोध लावलास तू," ते म्हणाले.

* * *

नवा खटका इंग्लंडहून मागवला. मूळचे आता कुठंच मिळत नाहीत, जुन्या नमुन्यावरून नवे करतात. पार्सलवर मोठ्या अक्षरात 'रिप्रॉडक्शन' असं छापलेलं.

मामूंनी अक्षरं लावून वाचलं आणि डबा झटकन माझ्या हातात दिला. "हा दहावीतला धडा दिसतोय. आमच्या सरांनी घरी वाचा म्हणून सोडला होता."

मी अर्थ सांगितला. तात्या म्हणाले, "म्हंजे जुन्या खटक्याचं पोरगं म्हणा की."

त्या दिवसापासून गॅरेजमध्ये त्याला पोरगंच म्हणतात. येणारा-जाणारा विचारायचा, "पोरगं बसलं का?" एका गिऱ्हाइकाची बायको तर ऐकून घाबरली. "कुठं बसलंय? खाली उतरवा की त्याला."

* * *

खटक्यात स्प्रिंगच्या टोकावर एक बारीक पोलादी गोळी असते. तिच्यामुळं खटका जागेवर टक्कन थांबतो. नव्यात ती आलीच नव्हती, म्हणून मी जुना खटका उघडला आणि गोळी उडाली.

तात्यांसकट सगळे खाली वाकलो. हॉर्नच्या कामाला थांबलेला ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "काय हुडकायलात?" मग त्यानं बिघडलेल्या स्पीकरचं चुंबक आणून जमिनीवर फिरवलं. मूठभर गोळ्या निघाल्या. सायकलींच्या, बेअरिंगच्या, कुणाकुणाच्या.

"यातली आपली कोणची?" मामूंनी विचारलं.

एकेक बसवून बघितली. एक चपखल बसली. दुसऱ्या दिवशी तात्या आले आणि त्यांनी धोतराच्या घडीतून खरी गोळी काढून दिली.

"ऱ्हाऊ द्या," मामू म्हणाले. "स्टेपनी म्हणून ठेवा."

* * *

पोरगं डॅशबोर्डात बसेना. भोक केसभर लहान पडत होतं. मामूंनी ड्रिल उचललं, मी आडवी उभी राहिले.

"मामू, मूळच्या पत्र्याला हात लावायचा नाही. ही गाडी तीन पिढ्यांची आहे."

"व्हय. आन् तिन्ही पिढ्या अंधारात बसल्यात."

आम्ही अर्धा दिवस भांडलो. शेवटी पत्रा न कापता पोरगंच कानशीनं घासायचं ठरलं. मी घासत होते आणि मामू शेजारी चहा पीत होते. "घास, घास. बाहेरून आलेल्यानंच जुळवून घ्यायचं असतंय. तुझी मामीबी हेच म्हणती."

पोरगं बसलं.

* * *

पासिंगचा कॅम्प हायवेलगतच्या मैदानावर होता. राजाभाऊ आला, ढाबेवालाही आला. गाडी उचलायला त्यानं क्रेन सांगून ठेवली होती. स्टिअरिंगला तात्या.

जुन्या खटक्यावरची अक्षरं झिजून गेली होती, नव्यावर ती ठळक पांढरी होती. एस आणि एच. एस म्हणजे साइड, बारीक दिवे. एच म्हणजे हेड, मोठे दिवे. ती बघून तात्या खूश झाले होते. "वडलांनी ह्याच अक्षरांवर शिकवलंय मला," म्हणाले. म्हणून मी वेगळं काही समजावलं नाही.

आरटीओच्या साहेबांनी ब्रेक बघितला, हॉर्न बघितला. मग म्हणाले, "हेडलाइट लावा."

तात्यांनी खटका एसवर नेला. बारीक दिवे मिणमिणले.

"हेडलाइट म्हटलं मी."

"लावलेत की, साहेब."

ढाबेवाल्यानं क्रेनवाल्याला फोन लावला. मी पळत खिडकीशी गेले. "तात्या, एच. एचवर न्या."

तात्यांना माझ्या शिक्षणाची कीव आली असावी. "अगं पोरी, एच म्हंजे हैदराबाद. गाडीचं तोंड कुणीकडं हाय? सोलापूरकडं. मग एसच लावाय पायजे की."

मामूंनी डोळे मिटून घेतले. राजाभाऊनं मान खाली घातली.

साहेबांनी हायवेकडं बघितलं, मग गाडीकडं, मग तात्यांकडं.

"बरोबर आहे, आजोबा," ते म्हणाले. "मग हैदराबादकडं वळवा."

तात्यांनी सावकाश गाडी वळवली, खटका एचवर नेला, आणि समोर उभ्या असलेल्या ढाबेवाल्याला भर दुपारी डोळ्यांवर हात धरावा लागला.