बाटलीचा गारवा

वैशाख लागला की अंथुर्ण्याच्या कालव्याकडच्या वस्तीवर अकरा वाजल्याचे घड्याळात पाहावे लागत नाही. कोंबड्या चोची उघडतात, पंख अंगापासून दूर धरतात आणि सावली सापडेल तिथे मातीत पोट टेकून बसतात. ही खूण बघायला जयवंताने शिकवले होते. त्याआधी कोंबडी मेली की मेली, एवढेच वस्तीवर म्हणत. मरण्याला कारण असते आणि कारण कळले तर काही करता येते, ही साधी गोष्ट बायकांच्या गळी उतरवायला तिला सहा वर्षे लागली होती.

ती पशुसखी होती. शिक्षण सातवीपर्यंत, नवरा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामी कामाला. बारामतीला पंधरा दिवसांचे प्रशिक्षण घेऊन ती आली, तेव्हा पिशवीत एक वही, एक ड्रॉपर आणि ओळखपत्र होते. खुराड्यावरचा पत्रा उन्हात तापतो, त्यावर उसाचे पाचट टाका. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत ठेवा आणि दुपारी बदला. दाणा सकाळी आणि ऊन उतरल्यावर. भर दुपारी नको, खाल्लेले अंगात उष्णता करते. कोंबडी फारच धापा टाकत असेल तर गूळ-मिठाचे पाणी. उवा-पिसवांसाठी चुलीच्या राखेचा खड्डा. यातले काहीच कठीण नव्हते. कठीण होते ते कुणी तरी सांगितले म्हणून करणे.

"आमचं मालक चार दिस तापानं फणफणलं तर कोन फिरकलं न्हाय," बायका हसत, "आन् कोंबडीला मातुर डॉक्टरीण दारात!"

"मालकाला अंडी घालाय लावा, मग त्यांच्याबी दारात येते," जयवंता म्हणे.

हसणे संपले की तीच बाई कोंबडी उचलून तिच्या हातात देई. तिची सहा वर्षांची कमाई एवढीच होती: लोकांच्या डालग्याखाली न विचारता हात घालता येत होता.

मानमोडीच्या, म्हणजे कोंबडीची मान वाकडी करून मारणाऱ्या रोगाच्या, लशीचे मात्र राखेसारखे किंवा पाचटासारखे नव्हते. लस थंड राहायला हवी. ऊन लागले की बाटलीतले औषध मरते, पण मेलेले दिसत नाही. रंग तोच, थेंब तोच. जयवंताच्या घरी फ्रीज नव्हता. वस्तीवर भरवशाचा एकच होता, अनसूयाकाकूंचा. काकू बचत गटाच्या अध्यक्षा. घरात सगळे माळकरी, अंडेसुद्धा वर्ज्य. तरीही पहिल्याच वर्षी त्यांनी आपणहून दाराच्या कप्प्यात जागा करून दिली होती. "मुक्या जिवांचं औषध आहे, त्याला कसली शिवाशिव," असे त्या म्हणाल्या होत्या आणि ते बैठकीत दोनदा सांगितलेही होते.

त्या वर्षी लस नरसिंह नवरात्राच्या आदल्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात आली. वस्तीवरच्या निम्म्या बायका नवरात्रभर नरसिंहपूरला जाऊन-येऊन असणार आणि जयंतीनंतरच मोकळ्या होणार, म्हणून लसीकरण पौर्णिमेच्या सकाळी ठरले. जयवंताने बाटली काकूंच्या हातात दिली. काकूंचे कुळदैवत नरसिंहच. घरात नऊ दिवस सोवळे. हे जयवंताला ठाऊक होते. बाटली ठेवताना ते तिच्या मनातही आले. पण ज्या घराने आपणहून जागा दिली, त्या घराला 'नवरात्रात ठेवाल ना?' असे विचारणे म्हणजे त्यांच्या शब्दावर संशय घेणे. तिने विचारले नाही.

पौर्णिमेला सहा वाजता ती बाटली घ्यायला गेली. काकूंनी ती स्वतः आणून दिली. बाटलीवरची कागदी चिठ्ठी ओलसर होती, एका कडेने सुटलेली, आणि तिच्यावर तांबूस मातीचा पुसट डाग होता. बाटली हाताला जितकी गार लागायला हवी तितकी लागली नाही. पायरीवर जयवंता क्षणभर थांबली. रात्री लाइट गेली असेल, असे तिने स्वतःला सांगितले. तिकडे वस्तीवर चाळीस घरांच्या बायकांनी पहाटेपासून कोंबड्या डालग्यांखाली कोंडून ठेवल्या होत्या. आठनंतर त्याच डालग्यांत त्या उन्हाने गुदमरल्या असत्या. पुन्हा लस कधी येईल, कुणी सांगावे. तिने ड्रॉपर भरला आणि पहिल्या दारात गेली.

शेवटचे दार तानूबाईचे. सत्तरी ओलांडलेली, मुलगा-सुनेच्या घरात मागच्या पडवीत राहणारी. तिच्या अकरा कोंबड्या होत्या आणि त्यांच्यामुळे तिला तंबाखूच्या पुडीसाठी किंवा डोळ्यांच्या औषधासाठी सुनेच्या तोंडाकडे बघावे लागत नव्हते. तिने एकेक कोंबडी पुढे केली, जयवंताने एकेक थेंब डोळ्यात सोडला.

"आता काय होत न्हाय ना गं, जयवंते?"

"आता न्हाय, मावशे. बिनघोर ऱ्हावा."

बारा दिवसांनी तानूबाईची तलंग, नुकती अंड्यावर आलेली कोंबडी, खायची थांबली. चोच उघडी, पंख लोंबते, मान खाली. जयवंता आली, तिने बघितले. पारा बेचाळीसच्या पुढे गेला होता. साऱ्या वस्तीवर कोंबड्या अशाच बसल्या होत्या. "ऊन लागलंय," ती म्हणाली. "गूळ-मिठाचं पानी पाजा. डालगं लिंबाखाली घ्या, भवतीनं पानी शिंपडा." मानमोडीचा विचार तिच्या मनात आला नाही, असे नाही. तो आला आणि तिने परतवला, कारण लस तिने स्वतःच्या हाताने दिली होती. आपल्या कामावरचा विश्वासच तिच्या डोळ्यांवरचा पडदा झाला. तिच्या सांगण्यावरून चार घरच्या आजारी कोंबड्या लिंबाच्या एकाच सावलीत आल्या आणि निरोग्यांबरोबर एकाच भांड्यात पाणी प्यायल्या.

तिसऱ्या दिवशी तलंगेची मान पाठीकडे वळली. हिरवट-पांढरी विष्ठा खुराड्याच्या फळीवर होती. मग काही विचारायचे उरले नाही.

आठवडाभर वस्तीवर खड्डे खणले गेले. जयवंता घरोघर चुना घेऊन जाई, मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकू देत नसे, खोल पुरायला लावी. हे तिने शिकवले होते म्हणून लोकांनी केले. पण आता तिच्याशी कुणी बोलत नव्हते. तानूबाईच्या दहा गेल्या. अकरावी, पिवळ्या पायांची, मान वाकडी करून गोल गोल फिरत राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीही पडली. तानूबाई खड्ड्याकाठी बसून राहिली. सून आतून म्हणाली, "बरं झालं, दारातली घाण तरी गेली." म्हातारीने मागे वळून पाहिले नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला: "बाटली कुठं होती?"

तो प्रश्न घेऊन ती काकूंकडे गेली. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी काहीच लपवले नाही, कारण लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतच नव्हते.

"अगं, नवरात्रात देवाचं दूध, नैवेद्य सगळं फ्रीजमध्ये. त्यात कोंबड्यांचं कसं ठेवायचं? पण टाकून नाही हो दिलं. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवलं होतं. रोज फडकं भिजवत होते मी स्वतः. तू यायच्या आधी तासभर परत आत ठेवलं. गार होतं की चांगलं."

नऊ दिवस. जयवंताला तांबूस डाग आठवला. समोरच्या बाईने नऊ दिवस न चुकता फडके भिजवले होते. तिच्यावर रागवायला कुठून सुरुवात करावी, ते जयवंताला कळेना. आणि रागवायचे तर पायरीवर थांबलेल्या त्या क्षणाचे काय?

गटाची बैठक काकूंच्या ओसरीवर भरली. सगळ्या एकदम बोलल्या.

"औषिद दिलं आन् कोंबड्या मेल्या. ज्यांनी न्हाय घेतलं त्यांच्याबी मेल्या, मग उपेग काय?"

"उपेग? त्या औषिदानंच मेल्या. डोळ्यात थेंब पडला तवाच माझी कोंबडी थरारली हुती."

"परत माझ्या डालग्याला हात लावू दे म्हनावं!"

जयवंता ऐकत होती. ती गप्प राहिली तर हे ओसरीवरचे बोलणे उद्या वस्तीचे ज्ञान होणार होते; मुली ते सासरी नेणार होत्या. फ्रीजची गोष्ट सांगितली तर काकूंच्या व्रताचा पंचनामा होणार होता, आणि निम्म्या बायका तरीही म्हणणार होत्या की देवाच्या नवरात्रात कोंबडीचे औषध घरात ठेवले म्हणूनच हे झाले.

ती उभी राहिली.

"औषिद वाईट न्हवतं. बाटली गार न्हवती. माझ्या हाताला कळलं हुतं आन् तरी मी थेंब घातलं. का गार न्हाय, ते मी तवा इचाराय पायजे हुतं, इचारलं न्हाय. मग ऊन लागलंय म्हनून सांगितलं, तेबी माझंच. त्या औषिदाला नावं ठिवू नका. मला ठिवा."

एकीने काकूंकडे बघितले. "फ्रिज बंद हुता व्हय, काकू?"

काकूंच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकले. माठाखाली ठेवलेल्या बाटलीने काय झाले, ते त्यांना आत्ता, सगळ्यांच्या समोर, पहिल्यांदा समजले होते. खरे सांगायला पुरेसा वेळ त्यांना मिळाला होता. "लाइट किती जाते, तुम्हाला माहीत आहे ना," त्या म्हणाल्या आणि चहा बघायला उठल्या.

विजेला दोष देणे सोयीचे होते. तिला घर नाही, नातेवाईक नाहीत. उरलेला दोष कुणाचा, हे जयवंताने स्वतःच सांगून टाकले होते. तानूबाई काठी टेकत तिच्यासमोर आली.

"तू म्हनलीस, बिनघोर ऱ्हावा."

"व्हय, मावशे."

"हाताला कळलं हुतं?"

"व्हय."

म्हातारी वळली. काठीचा आवाज अंगणाबाहेर जाईपर्यंत काकूंनी आणून ठेवलेल्या कपाला कुणी हात लावला नाही.

त्यानंतर जयवंताने काकूंच्या फ्रीजमध्ये बाटली ठेवली नाही. का ठेवत नाहीस, हे काकूंनीही विचारले नाही. माहीत असलेली गोष्ट न विचारण्याचा करार दोघींमध्ये शब्दावाचून झाला.

दिवाळीनंतर ती पहाटेच्या पहिल्या एसटीने इंदापूरला गेली आणि बर्फ भरलेल्या थर्मासमधून बाटली घेऊन, ती हातात पडल्यापासून तासाभरात परत आली. चाळीसातली चौदा दारे उघडली. पहिल्याच दारात बाईने डालगे न उचलता हात पुढे केला. "आदी बाटली दे." तिने ती गालाला लावून बघितली, मग कोंबडी काढली. पुढच्या दारात तेच, त्यापुढच्या दारातही तेच. न विचारता हात घालण्याचा काळ संपला होता. जयवंता प्रत्येक दारात थांबत होती, बाटली देत होती, परत घेत होती आणि लगेच बर्फात ठेवत होती.

तानूबाईच्या पडवीत काही नव्हते. रिकामे डालगे भिंतीला उपडे टाकलेले, त्यावर सुनेने मिरच्या वाळत घातलेल्या. जयवंता मान खाली घालून पुढे निघाली.

"थांब."

म्हातारीने हात पुढे केला. जयवंताने थर्मास उघडून बाटली तिच्या तळहातावर ठेवली. तानूबाईने मूठ मिटली आणि अंधुक डोळे मिटून ती बराच वेळ तशीच बसून राहिली.

"गार हाय," ती म्हणाली आणि बाटली परत केली. "जा."