चिरलेले तंबू

आमच्याकडे लग्नाचा मांडव घालणारे मजुरी विचारत नाहीत. कार्य उरकले की बांबू, बल्ल्या, दोर, मांडवात जे उरेल ते त्यांचे. हे कोणी बोलून ठरवत नाही. माझ्या शाळेतल्या मित्राला ही रीत चांगली ठाऊक होती. वरोऱ्याला त्याच्या बहिणीच्या लग्नात मांडवाचे खड्डे आम्ही दोघांनीच खणले होते.

पुढे तो नागपूरला गेला आणि रानात वापरायचे सामान बनवणाऱ्या कंपन्यांची प्रदर्शने भरवू लागला. तंबू, गमबूट, पाठीवरच्या पिशव्या, टॉर्च असा माल. ऐंशीनंतरच्या एका वर्षी दसरा झाल्यावर त्याने असे एक प्रदर्शन चंद्रपूरला आणले. मी तेव्हा एका आरागिरणीत हिशेब लिहायचो. तो घरी आला, जेवला आणि म्हणाला, साहेब लोकांना जंगलाचा देखावा पाहिजे, दुकाने बांबूचीच हवीत, तुझ्या ओळखीची माणसे दे.

मी सावलीपलीकडच्या गावाहून भाऊजींना बोलावले. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बांबूच्या कामात त्यांचा हात चालायचा, पण त्यांना दमा होता. आदल्या कार्तिकात धानाची जागल करताना ते मचाणीवर दवात भिजले, छाती भरली आणि बैलगाडीत निजवून दवाखान्यात न्यावे लागले. डोक्यावर धड आडोसा असल्याशिवाय मचाणीवर चढू देणार नाही, असे ताईने सांगून टाकले होते. ताडपत्री घ्यायची तर धान निघाल्यावर. आणि धान राखायचे ते निघण्याआधी.

मैदानात माल उतरत होता. भाऊजी एका उभारलेल्या हिरव्या तंबूपाशी थांबले. आत जाऊन बसले, लोट्याने वरून पाणी ओतून पाहिले. थेंब आत आला नाही. मग माझ्या मित्राला त्यांनी विचारले, "हे सारं वापस नेता का भाऊ?"

"कोन नेते बाप्पा, ट्रकचं भाडं परवडत नाई. मांडव तुमचा, त्यातलं सामान तुमचं."

"हा तंबू बी?"

"तुमचाच समजा." हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले. मीही मान हलवली.

भाऊजींनी गावची चार माणसे आणली, बांबू आपल्या शेताच्या धुऱ्यावरचे. दुकाने, कमान, वर टेहळणीचा मनोरा, सगळे मजुरीचे नाव न काढता उभे केले.

प्रदर्शन तीन दिवस चालले. सिमेंटचा धबधबा केला होता आणि त्याला पाणी चढवायला दिवसभर पंप. रानात रोज फिरणारा माणूस आत यायचा नाही, कारण फाटकावर निमंत्रण विचारत. जे आले ते बहुतेक एकमेकांचाच माल बघायला आलेले विक्रेते. प्रत्येकाला टोपी, पिशवी आणि गुळगुळीत कागदाची पुस्तिका मिळे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नालीकडे गेलो, तेव्हा टोप्यांनी पाणी तुंबले होते. माझ्या सवयीप्रमाणे मोजायला लागलो आणि सोडून दिले.

शेवटच्या दुपारी भाऊजी घडी घालायला दोर घेऊन आले. कंपनीची दोन माणसे धारदार पाती घेऊन तंबू चिरत होती. छतापासून खालपर्यंत, एकेका तंबूला दोन चिरा. गमबुटांचे तळवे कापून झाले होते. हिरवा तंबूही चिरला होता.

भाऊजी माझ्या मित्राला म्हणाले, "दाखवाले आनला होता न? मंग कापला काऊन?"

"भाऊ, फुकट वाटला तर उद्या विकत कोन घेईन?"

"आमी कुठी विकत घेनार होतो?"

मी मित्राला बाजूला घेतले. तू शब्द दिला होतास, म्हटले. तो जराही ओशाळला नाही.

"बोललो असन रे. काम करून घ्याचं होतं."

त्याला कापायचे आधीपासून माहीत होते का, हे मी विचारणार होतो. या वाक्यानंतर गरज राहिली नाही. भाऊजींनी बांबू सोडवले आणि गाडीत भरले. चिंध्यांना त्यांनी हात लावला नाही. त्या मैदानाच्या टोकाला जाळल्या गेल्या. प्लास्टिकचा धूर लागून भाऊजी गाडीशेजारी वाकून बराच वेळ खोकत होते.

त्या कार्तिकात मचाणीवर ताई बसली. डुकरे हुसकायला रिकामा डबा वाजवायची. मी भेटायला गेलो, तेव्हा नुकतीच उतरून आली होती, लुगड्याचा पदर दवाने ओला होता. चूल पेटवता पेटवता तिने विचारले, "तुया दोस्त बरा हाय ना?"

मला वाटले, टोमणा मारते आहे. पण ती खरेच विचारत होती. आम्ही शाळेत असताना तिने त्याला कितीदा जेवू घातले होते.

"बरा आहे," मी म्हटले.