गप्प केलेली जीप

अण्णांची जीप कोपऱ्यावर वळली की आई भाकरी तव्यावर टाकायची, इतका तिचा आवाज लांबून यायचा. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर सरकारी खात्यात ड्रायव्हर होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी खात्यानंच निकालात काढलेली एक डिझेल जीप घेतली. आत बसलं की पत्रा थडथडायचा, दारं खडखडायची, पायाखाली रस्त्यावरची खडी ताडताड वाजायची. एकमेकांशी बोलायचं तर ओरडूनच. आई तिला पिठाची गिरणी म्हणायची आणि अण्णा वर तोंड करून हसायचे.

पण आईला अर्धशिशी होती. तिची बहीण, माझी मावशी, बिडकीनच्या पुढच्या एका खेड्यात अंथरुणाला खिळलेली. आईला दर रविवारी तिला भेटायचं असायचं आणि अण्णा तिला न चुकता न्यायचे. परत आली की आई कपाळाला फडकं करकचून बांधून, खिडक्या लावून पडायची. मला ते बघवेना. मी अण्णांना म्हटलं, जीपच्या आत नवं मॅटिंग टाकू, त्याखाली आवाज दाबणारी शीट लावून घेऊ.

"काय नको," ते म्हणाले. "गाडी बोलली पायजे. मुकी गाडी लई वाईट."

घरातल्या कुठल्याच गोष्टीत अण्णा कधी आडवे आले नव्हते. माझ्या लग्नात, मी नोकरी सोडली तेव्हाही नाही. या मॅटिंगवरून मात्र त्यांनी माझ्याशी चार दिवस अबोला धरला. मीही त्यांचीच मुलगी. मी रोज विषय काढायची. शेवटी एका रविवारी येताना आई रस्त्याच्या कडेला बसून ओकली. घरी आल्यावर अण्णांनी चावी माझ्या हातात दिली.

मी जीप ओळखीच्या कुशनवाल्याकडे नेली. त्यानं सीट काढल्या, जुनं मॅटिंग उचललं आणि ओल्या गोणपाटाचा उग्र वास आला. मॅटिंगखाली जुना नमदा होता, म्हणजे लोकरीचा जाड थर, काळा पडून पत्र्याला चिकटलेला. ड्रायव्हरच्या पायाखाली एक सुटं रबर पसरलेलं होतं. ते उचललं तर त्याखाली मॅटिंगही नव्हतं, नमदाही नव्हता. चौकोन कापून काढलेला, आणि उघडा पत्रा. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचा खालचा पुठ्ठाही गायब.

"उंदरांनी खाल्लं असेल," मी म्हटलं.

"चूहे का काम नई ये, बाजी," तो म्हणाला. "ब्लेड से काटा है किसीने. नाप के."

कापलेली कड स्वच्छ होती. बाकी सगळ्यावर वर्षानुवर्षांचा मळ आणि ही कड तेवढी नवी. खात्यातल्या कुणी तरी कापलं असेल, असं मी त्याला सांगितलं, पण त्याच्यापेक्षा स्वतःलाच.

त्यानं गंज खरवडला, रंग मारला, डांबरासारख्या काळ्या शीट गरम करून पत्र्यावर रोलरनं दाबून बसवल्या. त्यावर नवा नमदा, त्यावर राखाडी मॅटिंग. तो चौकोनही भरला. दारांच्या आत शीट, कडांना नवं रबर. काम झाल्यावर त्यानं दार लावून दाखवलं. पूर्वी थाळी पडल्यासारखा आवाज यायचा, आता नुसतं धप्प. मी खूष झाले.

गाडी घरी न्यायला अण्णा आले. गाडी सुरू केली आणि निघताना बंद पाडली. त्यांच्या हातून इंजिन बंद पडलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पुन्हा निघाले तर दुसऱ्या गिअरमध्येच चाललेत, मागच्या रिक्षावाल्यांचे हॉर्न सुरू. मान एका बाजूला कलती करून बसले होते. "अण्णा, आता ऐकायला काही उरलं नाही," मी चिडवलं. "नुसतं रस्त्याकडं बघा." ते हसले नाहीत.

रविवारी आम्ही निघालो. आई पुढं, मी मागं. आई त्या दिवशी किती बोलत होती! कितीतरी वर्षांनी तिला त्या जीपमध्ये साध्या आवाजात बोलता येत होतं. अण्णांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली होती. थंडीचे दिवस, त्यात रस्त्याच्या कामाची धूळ. आई खोकायला लागली.

"अहो, काच लावा ना."

"राहू दे. वारं येऊ दे जरा."

"वारं कसलं, फुफाटा येतोय."

त्यांनी काच वर केली. हळूहळू, शेवटपर्यंत. मग आत इतकी शांतता झाली की मला आईच्या बांगड्या ऐकू येऊ लागल्या. अण्णांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर आवळलेले होते.

थोडं पुढं गेल्यावर जीप डावीकडे किंचित कलली. मी बाहेर पाहिलं. डावी चाकं डांबर सोडून मुरमावरून चालली होती. पूर्वी अशा वेळी खाली खडीचा नुसता भडिमार झाला असता. आता काहीच नाही. पुढं त्याच कडेनं मेंढरांचा कळप चालला होता आणि मागं लाल पटक्याचा एक म्हातारा. अण्णा आता वळवतील, मला वाटलं. आता वळवतील. ते वेग कमी करेनात.

"अण्णा, मेंढरं!"

"कुठं?" ते म्हणाले.

मी मागून झेप घेऊन स्टेअरिंग ओढलं, त्यांनी ब्रेक मारला, जीप आडवी होऊन थांबली. म्हातारा धावत आला आणि बॉनेटवर काठी आपटली. "आंधळा हायस का रं? येवढा कळप दिसंना व्हय तुला?"

मी उतरून अण्णांचं दार उघडलं. त्यांच्या कानाच्या रेषेत हात धरला, हलवला. "हात दिसतो का?"

"कोणता हात?"

अण्णा समोर बघत सांगू लागले, एखाद्या तिऱ्हाइताचं सांगावं तसं. "समोरचं दिसतंय. नळीतून बघितल्यावानी. कडंचं दोन वर्सं झाली, नाय दिसत."

"मग गाडी कशी चालवत होतात?"

"कानानं. खडी वाजली की कळायचं, कड आली. बाजूनं कुणी गेलं की आवाज बदलायचा. पायाखालचं मीच कापलं, चांगलं ऐकू यावं म्हणून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर चावी काढून घेतली असती तुम्ही. मग हिला बहिणीकडं कोण नेतंय?"

मला रडू आलं नाही, संताप आला. दोन वर्षं हा माणूस माझ्या आईला शेजारी बसवून आंधळेपणानं मरणाच्या कडेकडेनं नेत होता, आणि तेही तिच्याच प्रेमापोटी. मी त्यांना खाली उतरवून पुढंच डावीकडं बसवलं, आईला मागं बसवलं आणि स्टेअरिंग हातात घेतलं. मावशीकडं गेलो, चहा प्यालो आणि निघालो.

परतताना दिवस मावळायला आला होता. बिडकीनमध्ये गर्दीत आम्ही एका एसटीमागं अडकलो. दोन्ही बाजूंनी हातगाड्या, भाजीचे ढीग, पेटलेले बल्ब. काचा बंद होत्या. एक बाई अण्णांच्या काचेला पेरू टेकवून दाखवत होती. अण्णा एसटीच्या पाठीकडं एकटक बघत होते.

"आज रस्त्याला माणूस नाय कसं काय गं?" त्यांनी विचारलं. "येवढं सामसूम?"

"अण्णा, बिडकीन आहे," मी म्हटलं. "चारी बाजूंनी माणसंच माणसं आहेत."

"अस्सं," ते म्हणाले, आणि दारापासून सरकून माझ्या बाजूला अंग चोरून बसले.