नोमसाबाई सिनेमा थांबवतात

पडद्यावर माणूस मेला की नोमसाबाई सिनेमा थांबवायच्या. गोळी लागून पडलेला तो तसाच गोठलेला, आणि बाई हातात रिमोट घेऊन विचारणार, "नाव काय याचं?" सिनेमात त्याला नाव नसेल तर आम्ही ठेवायचं. मरणारा गुंड असला तरी सुटका नाही. एका सिनेमात तर गावंच्या गावं कापून काढतात. दुपारी लावलेला सिनेमा दिवेलागण झाली तरी संपेना! मी वैतागून म्हटलं, "बाई, हा सिनेमा आहे की बारसं?"

इथे अमेरिकेत, एडिसनला, ओक ट्री रोडच्या मागे एका चर्चच्या तळघरात बाई दर शनिवारी दुपारी आफ्रिकन सिनेमे दाखवायच्या. मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या, साठी उलटलेल्या, आमच्याच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या. आम्ही मराठी मंडळी आधी शेजारधर्म म्हणून गेलो, मग सवयच लागली. "माणूस माणसांमुळे माणूस होतो," हे त्यांच्याकडचं वचन त्या सारखं सांगत, आणि वर स्वतःची पुस्ती जोडत, "राक्षसही माणसांमुळेच होतो बरं."

बारशाच्या थट्टेवर त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि भावाचं, वूसीचं, सांगितलं. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून त्यांच्याच गल्लीनं त्याच्या गळ्यात पेट्रोल ओतलेलं टायर अडकवलं आणि पेटवून दिलं. "गल्लीतल्या निम्म्या बायकांनी वूसीला कडेवर खेळवलं होतं. त्या दिवशी सगळ्या 'खबऱ्या, खबऱ्या' ओरडत होत्या. एकीनं जरी नावानं हाक मारली असती, तरी काडी ओढायचा कुणाला धीर झाला नसता." पुन्हा मी थट्टा केली नाही.

आमच्यातले सगळ्यात सज्जन म्हणजे सुहासकाका. निवृत्त इंजिनियर, अंडंसुद्धा न खाणारे. पडद्यावर कोयता दिसला की यांचा रुमाल डोळ्यांवर. नाव ठेवायची पाळी आली की म्हणायचे, "सॉरी बाई, मी बघितलंच नाही."

गेल्या उन्हाळ्यात शो संपल्यावर बाई प्रोजेक्टर गाडीत ठेवत होत्या. एक माणूस मागून येऊन तो हिसकावायला लागला. त्या सोडेनात, तेव्हा त्यानं हातातली लोखंडी कांब त्यांच्या तोंडावर हाणली. किंकाळी ऐकून आम्ही वर धावलो. तो पळताना अडखळून पडला आणि मंडळींच्या तावडीत सापडला. "मारा साल्याला! सोडू नका यार!" त्याचं नाक फुटलं, एक डोळा मिटला, हात जोडायला गेला तर हातावर बूट पडला. खुर्च्या आवरता आवरता सुहासकाका तसेच आले होते. त्यांनी हातातली लोखंडी घडीची खुर्ची डोक्यावर उचलली. डोळे टक्क उघडे. ती खाली आली असती तर तो जागीच खलास, आणि काका जन्मभर तुरुंगात.

रक्तबंबाळ बाई सरपटत मध्ये आल्या. दात पडलेल्या तोंडानं म्हणाल्या, "सुहास, नाव काय याचं?"

"बाई, बाजूला व्हा! तुमचं तोंड फोडलंय त्यानं!"

"मी नाव विचारलं."

मग बाईंनी खाली पडलेल्या चोरालाच विचारलं. तो रक्त थुंकत म्हणाला, "ब्रँडन."

"हा ब्रँडन आहे, सुहास," बाई म्हणाल्या. "आता मार."

काकांनी खुर्ची हळूच जमिनीवर ठेवली आणि तिच्यावरच बसून ते हमसाहमशी रडायला लागले. पोलीस येईपर्यंत बाईंनी त्या माणसाच्या नाकाला आपला स्कार्फ लावून धरला होता. मला तेव्हा बाईंचाच राग आला, खोटं कशाला बोलू?

हिवाळ्यात बाई हृदयविकारानं गेल्या. त्यांच्या आठवणीसाठी आम्ही तोच कापाकापीचा सिनेमा लावला. पहिला माणूस पडला, दुसरा पडला, सिनेमा आपला पुढे चाललेला. थांबवणार कोण? तेवढ्यात सुहासकाका उठले, रिमोट घेतला आणि चित्र गोठवलं. चिखलात पालथा पडलेला एक मारेकरी, मुठीत अजून कोयता. काका डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत होते.

"नाव काय याचं?" त्यांनी विचारलं.



"ब्रँडन," काका स्वतःच म्हणाले, आणि त्यांनी सिनेमा पुढे सुरू केला.