मिस्त्रीभाऊंची दगडी भिंत

मिस्त्रीभाऊ आपल्या भिंतीचं इतकं कौतुक करीत, की आपण घर बांधतोय की त्यांच्या भिंतीशी सोयरीक जुळवतोय, असा मला प्रश्न पडे. पन्नास-साठच्या त्या दशकात मी सिरोंच्याकडच्या एका गावी मास्तर होतो. गावभर मातीने लिंपलेली बांबूच्या कुडाची घरं. दगडाचं घर तेवढं माझंच होणार होतं, आणि त्याचा तोरा मिस्त्रीभाऊंपेक्षा मलाच जास्त होता.

"मास्तर, तुमचे नातू म्हातारे होतीन, पन हे भिंत हालनार नाई," ते छातीवर हात ठेवून सांगत.

माझी पत्नी शांता त्यांना सख्ख्या भावासारखी मानी. दुपारी तिच्या हातचा भात आणि अंबाडीची भाजी ते पातेल्याचा तळ दिसेपर्यंत खात, आणि वर "बाई, मीठ कमी हाये" असंही ऐकवीत. भिंतीचा मधला भाग भरताना मात्र ते कुणाला जवळ उभं राहू देत नसत. "नजर लागते," म्हणत. आम्ही हसून बाजूला होत असू.

आम्ही नव्या घरात राहायला गेलो, तरी मिस्त्रीभाऊ अधूनमधून चुलीपाशी जेवायला येतच. असं वर्ष झालं असेल. एका सकाळी जमीन हादरली. मी अंगणात धावलो, वळून पाहतो तो स्वयंपाकघराची भिंत चुलीवर कोसळत होती. शांता चुलीपाशीच होती. शेजाऱ्यांनी दगड उपसून तिला बाहेर काढलं. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. कुडाची घरं करकरली, कलली, पण एकही पडलं नाही.

ढिगाऱ्यात सगळं उघडं पडलं. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा आणि मध्ये नुसती माती नि गोटे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड एकही नव्हता. असे दगड शोधायला, घडवायला दिवस लागतात. ते दिवस त्यांनी वाचवले होते, आणि नजर टाळली होती ती आमचीच.

आठवड्याने ते आले आणि अंगणात उकिडवे बसून रडू लागले. "पावसाच्या आत घर उभं कराचं होतं, बाई. मले वाटलं, इथी कुठी भूकंप येते? चुकलो. पुन्हा बांधून देतो."

मी तोंड उघडण्याआधी शांता खाटेवरून बोलली. "भाऊ, आत काय भरलं ते तुमाले ठाऊक होतं. अन् मी त्याच भिंतीखाली चूल पेटवत होती, तवा तुमी समोर बसून जेवून राह्यले होते."

ते उठून गेले, ते पुन्हा गावात दिसले नाहीत. माणूस मला फार आवडत होता. खरं सांगायचं तर अजूनही आवडतो, म्हणूनच त्यांना माफ करणं मला आजवर जमलेलं नाही.