सेक्शन जेवलं?

आमची पोस्ट उंचावर होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज, मग संत्री बदली, दुपारी लंगरात जेवण. मी हवालदार, सेक्शन कमांडर. जवान जेवल्याशिवाय मी ताटाला हात लावत नसे. विचारायचो, "सेक्शन जेवलं?" अमडापूरचा नाईक नामदेव सगळ्यांच्या वतीने उत्तर द्यायचा, "जेवलं, साहेब!" तेव्हाही लेकाच्या तोंडात घास असायचा.

त्याचा बडी, म्हणजे जोडीदार, शकील; माझ्याच जळगाव जामोदचा. दणकट गडी. त्या वर्षीच्या मेडिकलमध्ये तो ओव्हरवेट निघाला आणि आम्ही त्याची यथेच्छ थट्टा केली.

थोड्याच दिवसांत गस्तीवर असताना समोरून फायर आला. नामदेवच्या छातीत गोळी लागली. मी रेडिओ सेटवर बोललो, "एक कॅज्युअल्टी. सिरियस. खाली आणतोय." उत्तर आलं, "रॉजर. जल्दी." स्ट्रेचर पुढून शकीलने धरलं, मागून मी. वाटेत शकीलला दम लागला, थांबावं लागलं. खालच्या एमआय रूमला, आमच्या दवाखान्यात, पोचलो तेव्हा नामदेव गेलेला होता. डॉक्टरसाहेब म्हणाले, तुम्ही कितीही पळाला असता तरी तो वाचला नसता. शकीलला ते पटलं नाही.

रिटायर होऊन दोघं गावी आलो. शकीलने वेल्डिंगचं दुकान टाकलं आणि तो वाळत गेला. विचारलं की म्हणायचा, "आत्ताच जेवलो." एक दिवस दुकानातच कोसळला. दवाखान्यात परवीनवहिनी मला म्हणाल्या, "जेवतच नाहीत, भाऊ. जेवले तं उलटी काढतात." डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा खाण्याचा आजार आहे, असंच चाललं तर हृदय साथ सोडेल.

घरी आल्यावर मी त्याच्यापुढे ताट ठेवलं. "साफ कर. ऑर्डर आहे." पठ्ठ्याने ताठ बसून शेवटचं शीत उचललं, आणि परसात जाऊन सगळं ओकला.

डॉक्टरीणबाईंनी माझीच खरडपट्टी काढली. "हे परेड ग्राउंड नाही. हुकूम नको, सोबत द्या."

मग रोज दुपारी मी डबा घेऊन दुकानात जाऊ लागलो. कापूस, पाऊस, मॅच, काहीही बोलायचं; फक्त जेवणाबद्दल नाही. असाच एकदा तो हातातला घास ठेवून म्हणाला, "मी जड होतो, साहेब. हलका असतो तं नामदेव वाचला असता."

"मांगून मी होतो बे. मलेबी दम लागला होता. एकटाच काऊन वझं घेऊन राह्यला?"

तो रडला. मीही रडलो, लाज कसली. त्या दिवशी तो अर्धी भाकर जेवला. पुढे चांगले दिवस आले, वाईटही आले. डॉक्टरीणबाईंकडे जाणं त्याने सोडलं नाही, मी डबा सोडला नाही.

नामदेव गेला त्या तारखेला दरवर्षी आम्ही त्याच्या आईकडे अमडापूरला जातो. शकील तिथे रोजा असल्याची थाप मारायचा. म्हातारी म्हणायची, "हा कोनता रोजा, बापा? दरसालच निघते तुह्या!"

यंदा त्याने रोजाचं नाव काढलं नाही. तिने भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. शकील हळूहळू जेवला. मग म्हणाला, "माय, अजून अर्धी देजो."

म्हातारीने पदर डोळ्यांना लावला आणि भाकर मोडली.

माझं ताट तसंच होतं. नामदेव गेल्यापासून तो प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता. त्याच्या फोटोकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "सेक्शन जेवलं?"

"जेवलं, साहेब," शकील म्हणाला. तोंडात घास होता.

मी ताट पुढे ओढलं.